अडवलेला वारा

शेजारच्या पाळणाघरवाल्या बाईंनी पालिकेच्या कचेरीत तक्रार केली आणि सरांची गच्चीवरची खोली पाडली गेली. खोली परवानगीशिवाय बांधली होती, हे सरांना ठाऊक होतं. पण जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाच्या घरावर हातोडे पडतात आणि अख्खी गल्ली खाली उभी राहून बघते, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून बाई दिसल्या की ते तोंड फिरवत आणि मनाशी एकच घोकत: हिला सोडणार नाही.

संधी बाईंनीच दिली. उन्हाळ्यात दुपारची वीज हमखास जायची, म्हणून त्यांनी आपल्या गच्चीवर सौर पॅनेल बसवली. त्यांवर पाळणाघरातले दोन कूलर चालायचे होते. "आता तापू दे किती तापायचं ते. जितकं तापेल तितकी वीज जास्त," असं त्या एका पालकाला सांगत होत्या. सरांनी ते ऐकलं आणि त्यांना हसू आलं.

कारण खरी गोष्ट उलटी होती. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता त्याला सोसत नाही. ते जितकं तापेल तितकी त्याची वीज घटते. उजेड सारखाच असेल, तर रणरणत्या दुपारपेक्षा थंडीतल्या स्वच्छ, वाऱ्याच्या दिवशी ते जास्त वीज देतं. म्हणूनच पॅनेलखालून वारा खेळता राहावा लागतो. आणि बाईंच्या पॅनेलखाली वारा यायचा तो सरांच्या गच्चीवरून.

सरांनी आपल्या कठड्याला पत्रे ठोकून घेतले. पत्रे पॅनेलच्या पाठीमागे होते, त्यामुळे सावली जराही पडत नव्हती. सावली पडली असती तर बाईंनी पुन्हा कचेरी गाठली असती. अडलेल्या वाऱ्याची तक्रार कोण घेणार?

वीज तशी थोडीच घटली. पण बाईंचं सगळं काठावर बेतलेलं होतं. ऊन वाढलं तसा ऐन दुपारी एक कूलर बंद ठेवावा लागू लागला. बाईंनी पॅनेल पुसली, बसवणाऱ्याला बोलावून वायरी तपासून घेतल्या. काही सापडेना. सर खिडकीत बसून हे सगळं बघत, आणि हातातला चहा त्यांना नेहमीपेक्षा गोड लागे.

त्याच सुमाराला त्यांची थोरली बहीण राहायला आली. कपडे वाळत घालायला ताई वर गेली आणि घामाने निथळत खाली आली.

"पत्रे कशाला ठोकलेस रे? गच्चीची भट्टी झालीय नुसती."

सरांनी आधी टाळलं, मग राहवेना म्हणून सगळं सांगून टाकलं. दाद मिळेल, असं त्यांना वाटत होतं.

"त्या कूलरखाली निजतं कोण?" ताईने विचारलं.

"पोरं. पण तिची जिरायलाच हवी, ताई."

"मग तिच्याशी भांड. तिच्या दारात उभं राहून वाट्टेल ते बोल, मी येते तुझ्याबरोबर. पण ज्यांना अजून धड बोलता येत नाही, त्यांना घामात निजवून तुझी कुठली खोली परत येणार आहे? इतकं शिकलास, शिकवलंस, ते यासाठी?"

"तुला नाही कळायचं," म्हणून सर उठून गेले.

पुढे दोन-चार दिवसांतच, दुपारी वीज गेलेली असताना उरलेला कूलरही बंद पडला. खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून सर खिडकीशी धावले. पाळणाघराच्या अंगणात बाईंनी एका चिमुरडीला मांडीवर घेतलं होतं, तिची मान कलंडली होती. बाकीची पोरं भिंतीला टेकून बसली होती. त्यांच्यात रडायचंही त्राण नव्हतं. ताई केव्हाच तिथे पोचली होती आणि मुलीच्या अंगावरून ओलं फडकं फिरवत होती. तिने एकदा वर बघितलं.

मुलीला दवाखान्यात नेलं. सरांनी पक्कड आणली आणि भर उन्हात पत्रे उचकटायला घेतले. हात पोळले, पण ते थांबले नाहीत.

संध्याकाळी मुलगी शुद्धीवर आल्याचं कळल्यावर सर स्वतः बाईंकडे गेले आणि काय केलं ते त्यांनी सांगितलं.

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "तुमच्या खोलीची भिंत माझ्या अंगणावर कलली होती. खाली पोरं खेळतात. तेच सांगायला तक्रारीआधी मी आले होते. तुम्ही दार उघडलं नाहीत."

"माझं चुकलं. मला माफ करा."

"माफी त्या मुलीच्या आईकडे मागा. माझ्याकडून मिळणार नाही."

सर मुलीच्या घरी गेले. आईने सगळं उंबऱ्यातच ऐकून घेतलं आणि दार लावलं. आता रोज सकाळी, काच तापायच्या आत, ते बाईंची पॅनेल धुऊन देतात. बाई त्यांना गच्चीवर येऊ देतात, पण बोलत नाहीत. सरही बोलण्याची अपेक्षा करत नाहीत.

मंडळी, राग तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच येतो. भांडायचं तर समोर उभं राहून भांडावं. सूड घ्यायला निघालेल्याला फक्त आपला वैरी दिसतो. त्या वैऱ्याच्या आधाराने कोण निजलंय, ते दिसत नाही. हात उचलण्याआधी तेवढं बघून घ्या.