भोक नसलेली पिशवी

काळ्या पिशवीला हात टेकला आणि मी किंचाळलेच. संगमनेरला आम्ही मुरघासाच्या, म्हणजे हवा लागू न देता मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्यांचं प्लास्टिक बनवतो. कारखान्याच्या आवारात नमुन्याची एक पिशवी मेच्या उन्हात पडली होती. तळहात लाल झाला, पण मी घाबरले ते वेगळ्याच कारणानं. माझ्या गणितात मी चाळीस अंश घातले होते. ते हवेचे होते, मोबाईलवर बघून घेतलेले. प्लास्टिक किती तापतं हे बघायला मी शहाणी उन्हात गेलेच नव्हते.

थर्मामीटर लावला. त्रेसष्ट.

भोक नसलं तरी प्लास्टिकमधून हवा जाते. ऑक्सिजन आधी प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये विरघळतो, मग सरकत सरकत आतल्या बाजूला निघतो. फिल्म तापली की भरभर. किती दिवसांत किती जाईल हे मांडायचा मला पगार मिळतो. नवा आकडा घालून पाहिलं, तर ऑक्सिजन जवळजवळ तिप्पट. सहा महिने टिकेल म्हणून मी छातीठोक सांगितलेला मुरघास आत्ताच बिघडला असणार. फेब्रुवारीत माझ्या शब्दावर मनकर्णाआत्यानं आणि तिच्या दूध गटातल्या बावीस जणींनी जाड पिशव्या सोडून ह्या पातळ पिशव्या भरल्या होत्या. त्यात आत्याची गाय सोनी आठ महिन्यांची गाभण. खराब मुरघासानं गर्भ पडू शकतो.

गटाच्या व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, 'पिशव्या उघडू नका.' एकेकीचं उत्तर येऊ लागलं, आत्याचं येईना. फोनही उचलेना. मी स्कूटर काढली आणि वीस किलोमीटर दामटत गेले.

पोचले तेव्हा धारांची वेळ झाली होती. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आत्याचे यजमान, कारभारीमामा, भरलेली पाटी सोनीपुढं नेत होते.

"मामा, थांबा! घालू नका!"

"का गं स्नेहल, काय झालं?"

"आत हवा शिरलीय."

मामांनी पिशवीला एक फेरी मारली. "कुठं भोक हाय, दाव बरं. पानी गळत न्हाई आन् हवा शिरंल व्हय?"

त्यांना समजावत बसायला मला धीर नव्हता. कोयता घेतला आणि पिशवीची उन्हाकडची बाजू उभी चिरली. आत बोटभर जाड पांढरी बुरशी.

"येवढंच ना?" मामा म्हणाले. "वरचं खरवडून टाकू. खालचं चांगलं हाय."

आमच्याकडं ही रीतच आहे, वरचं काढायचं आणि खालचं घालायचं. मी कोपरापर्यंत हात आत घातला. चांगला मुरघास गार लागतो. हा खोलवर गरम होता, म्हणजे खालचाही बिघडला होता.

तेवढ्यात आत्या धार सोडून आली. तिनंही हात घातला, लगेच काढला आणि मामांच्या हातातली पाटी हिसकून उकिरड्यावर पालथी केली.

"आत्या, ही पिशवी कधी उघडली?"

"चार दिस झालं."

"सोनीला घातलं?"

"रोज दोन पाट्या."

मी सोनीकडं वळले. ती गव्हाणीवर मान टाकून उभी होती. सकाळचा चारा तसाच पडला होता.

मामांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते तासाभरात आले. बराच वेळ तपासून म्हणाले, "वासरू हलतंय. पण गाईला ताप आहे. आठ दिवस तरी काही सांगता येणार नाही."

ते गेल्यावर मी आत्यासमोर उभी राहिले. मला रडू येत होतं. "माझं चुकलं, आत्या. गणित माझं होतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. सोनीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "पयल्याच दिशी वास येगळा आला व्हता गं. धा वर्सं मुरघास घालते मी, मला कळला व्हता. पर म्हनलं, आपल्याला काय समजतंय? तू हिसाब केला व्हता ना."