शुक्रवारची लिंबं

"शुक्रवारी जिभेक आंबट लावू नको, आणि खोटापण लावू नको. दोनय देवीक कळतत."

राधाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, जाऊन नऊ वर्षं झाली. तरी शुक्रवारी सकाळी पहिला तांब्या डोक्यावर ओतला की सुमतीला हे वाक्य ऐकू यायचंच. संतोषीमातेचे सोळा शुक्रवार ती बोलली होती आणि आज अकरावा होता. गूळ-चण्याची वाटी देवापुढे ठेवून, केस पुसत ती स्वयंपाकघरात आली, तर ओट्यावर काचेच्या भांड्यात पिवळीधमक लिंबं!

"श्रेया," तिने हाक मारली. सुमतीचा आवाज इतका हलका, की शेजारी कुकर लावलेला असला तर तिने हाक मारल्याचंही कळायचं नाही. पण सुनेला सवय होती.

"आई, हात लावू नका हां! नीट रचलीत मी."

"मी कशाला हात लावते, बाई? आज शुक्रवार. घरात आंबट कशाला आणलंस?"

"खायला नाहीत ती. बघायला आहेत."

"लिंबं? बघायला?"

"टीव्हीवर घर विकायचं असलं की ओट्यावर लिंबांचं भांडं ठेवतात. घेणाऱ्याला फ्रेश वाटतं. प्रत्येक एपिसोडला असतं, तुम्ही झोपता तेव्हा."

सुमती झोपायची ते खरं होतं. दुपारी जेवण झालं की श्रेया तो परदेशातला, हिंदीत बोलणारा कार्यक्रम लावायची. त्यात एक टोपीवाला दाढीवाला माणूस हातोडा घेऊन यायचा, लोकांच्या भिंती पाडायचा, आणि शेवटी घरमालकांचे डोळे झाकून त्यांना आत आणायचा. डोळे उघडले की मालकीणबाई रडायची. एवढं झालं की श्रेयाच्या डोळ्यांतही पाणी. पाचवा महिना लागल्यापासून तर फारच.

त्या पाचव्या महिन्यापायीच घर विकायचं होतं. परळची ही जागा चांगली, वस्ती चांगली, पण खोली एक आणि स्वयंपाकघर एक. बाळ आल्यावर चौघं कुठे मावणार? मुलाने, मयूरने, शिवडीला दोन खोल्यांची जागा बघून ठेवली होती. तो मालक गणपतीपर्यंत थांबायला तयार होता, पुढे नाही. म्हणजे परळचं घर श्रावणातच जायला हवं होतं. आणि ते काही जात नव्हतं.

तीन जण येऊन बघून गेले होते. पहिल्याला खोलीच्या मधोमध सुटा ओटा हवा होता. त्याने विचारलं, "इथे आयलंड कुठे बसेल?" सुमतीला आयलंड म्हटलं की घारापुरी आठवायची, ती काय सांगणार? दुसरीने कपड्यांसाठी चालत आत जायचं कपाट मागितलं. ज्या घरात माणसं एकमेकांना वाट देत चालतात, तिथे कपडे हिंडणार कुठे! तिसऱ्याने तर कमालच केली. बायकोचे डोळे हातांनी झाकून तिला तीन जिने चढवून आणलं आणि दारात म्हणाला, "ओपन!" बायकोने डोळे उघडले. समोर काठीवर मयूरच्या चड्ड्या वाळत होत्या. तिने पुन्हा मिटले.

तेव्हा श्रेयाने पदर खोचला. "आई, लोक मी बघते तेच बघतात. मग त्यांना तेच दाखवायचं."

चौथं गिऱ्हाईक शुक्रवारी यायचं होतं. गुरुवारी संध्याकाळपासूनच घर रिकामं होऊ लागलं. वाळणाची काठी गेली, गाद्यांची चवड शेजारी गेली, दिनदर्शिका आणि राधाबाईंचा फोटो पलंगाखाली गेला. शेवटी श्रेया देव्हाऱ्यापाशी आली आणि जरा अडखळली.

"आई, टीव्हीवर म्हणतात, आपलं असं काहीच दिसता कामा नये. बघणाऱ्याला त्याचं घर वाटलं पाहिजे. दोन तासांचाच प्रश्न आहे."

सुमतीने शुक्रवारी पहाटेच पूजा उरकली. मग लाकडी देव्हारा उचलून तिने कपाटात मिक्सरच्या शेजारी ठेवला. "आज जरा आत बसा," असं ती देवांना हळूच म्हणाली. भिंतीवरचा जिवतीचा कागद सोडवून तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, आणि गूळ-चण्याची वाटीही आत सरकवली.

राहिली ओल. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वरच्या मालन राण्यांच्या न्हाणीतून पाणी झिरपायचं. श्रेयाने त्यावर विटांच्या चित्राचा चिकटणारा कागद लावला. लांबून पाहिलं तर खरंच विटा.

"आणि त्यांनी विचारलं तर?" सुमती म्हणाली.

"तुम्ही खोटं बोलू नका. फक्त गप्प बसा. एवढंच करा माझ्यासाठी."

गप्प बसणं सुमतीला जमण्यासारखं होतं. सासूबाई गेल्यापासून नऊ वर्षं ती ह्या ओलीबद्दल गप्पच होती. दर श्रावणात मनाशी वाक्य जुळवून ती वर जायची. मालनताई दार उघडायच्या, "अगो सुमती, ये गो!" म्हणून चहा टाकायच्या, गुडघा कसा दुखतो ते साग्रसंगीत सांगायच्या, आणि निघताना हातावर खोबऱ्याच्या दोन वड्या ठेवायच्या. वड्या घेऊन सुमती खाली यायची. वाक्य पुढच्या श्रावणाला.

अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात नूपुर विजयकर, तिशीची, परळच्याच एका काचेच्या टॉवरमध्ये नोकरी. हातात फोन उभा धरलेला, आणि फोनमध्ये नवरा अनिमेष. मागे नऊवारीसारखी चापूनचोपून नेसलेली सहावारी आणि हातात छत्री, अशा तिच्या सासूबाई लक्ष्मीबाई. ठाकूरद्वारच्या. तिथल्या घरात तीन भावांची कुटुंबं झाल्यावर धाकट्याने बाहेर पडायचं ठरलं होतं.

"वॉव," नूपुर आत येताच म्हणाली. श्रेयाच्या चेहऱ्यावर दिवाळी. "अनिमेष, बघ, किती लाइट आहे!"

"मला पंखा दिसतोय फक्त," फोन म्हणाला.

नूपुर सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीशी गेली आणि बोटांच्या सांध्यांनी टकटक करून कान लावून ऐकू लागली. टीव्हीवर तो दाढीवाला तसंच करतो. "ही पाडली की ओपन किचन! इथे दोन उंच स्टूल, वर लटकणारे दिवे..."

"आणि विटांची वॉल तर आहेच," श्रेया म्हणाली.

"अय्या, तूपण तोच शो बघतेस?"

"तिसरा सीझन तीनदा!"

झालं. दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलू लागल्या. त्या तळ्याकाठच्या घरातली बाई कशी खडूस, पायऱ्यांखाली कुत्र्याची खोली काढली ती कशी गोड. सुमतीला हायसं वाटलं. हे घर जातंय, तिच्या मनात आलं. बोलावंसुद्धा लागत नाहीये.

पण लक्ष्मीबाई मात्र बोलत नव्हत्या. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"काय, मम्मी?"

"लिंबं. अकरा आहेत." त्यांनी छत्रीचं टोक देव्हाऱ्याच्या रिकाम्या जागेकडे रोखलं. "आणि तिथे दिव्याची काजळी आहे. म्हणजे देव होते. आता नाहीत. श्रावणातला शुक्रवार, आणि भिंतीवर जिवतीचा कागदसुद्धा नाही. देव उचललेत आणि लिंबं मांडलीत." आवाज एकदम खाली आला. "नूपुर, चल. पाणीसुद्धा पिऊ नकोस इथलं."

"मम्मी, अहो, ते स्टेजिंग असतं!"

"कसलं का असेना. चाळीस वर्षं ठाकूरद्वारच्या नाक्यावर राहिल्येय मी. उताऱ्याची लिंबं ओळखायला मला शिकवू नकोस."

"कोणी काय मांडलंय?" फोन विचारत होता. "नूपुर, कॅमेरा फिरव ना!"

श्रेयाचा चेहरा रडवेला झाला. "अहो काकू, तसलं काही नाही हो, फ्रेश वाटावं म्हणून..." पण लक्ष्मीबाई दाराशी पोचून चपलेत पायही घालत होत्या.

"लिंबं टीव्हीची आहेत," सुमती म्हणाली.

नेहमीच्याच हलक्या आवाजात म्हणाली. पण इतका वेळ न बोललेलं माणूस बोललं, म्हणून सगळ्या थांबल्या.

"सूनबाईने हौसेने ठेवली, कार्यक्रमात ठेवतात म्हणून. माझे तर संतोषीमातेचे शुक्रवार आहेत. मी आज आंबटाला शिवतसुद्धा नाही. करणी करायची तर लिंबू कापायला तरी नको का?" तिने कपाट उघडलं. मिक्सर, त्याच्या शेजारी देव, देवांपुढे गूळ-चण्याची वाटी आणि दाराला आतून जिवती. "हे बघा. सगळे घरातच आहेत. जरा दाटीत बसलेत."

लक्ष्मीबाईंनी पायातली चप्पल काढली. कपाटापुढे येऊन त्यांनी जिवतीला नमस्कार केला आणि मग मिक्सरकडे बघून फिस्सकन हसल्या.

नूपुरही हसली. "बापरे! काकू, आणखी काही लपवलंय का?"

ती गमतीत म्हणाली होती. "नाही हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं हसलं असतं तरी चाललं असतं. श्रेया सासूकडे डोळ्यांनीच विनवत होती. एक हात नकळत पोटावर गेला होता. सुमतीने तो हात पाहिला. शिवडीच्या दोन खोल्या तिला लख्ख दिसल्या, खिडकीसकट.

आणि कानात राधाबाई: खोटापण लावू नको.

"श्रेया," ती म्हणाली, "आज शुक्रवार गं." आणि विटांच्या कागदाचं टोक धरून तिने तो खाली ओढला.

चर्र करून कागद आला. मागे ओलीचा मोठा डाग, आणि डागाभोवती पेन्सिलीच्या रेघाच रेघा. एकीबाहेर एक. प्रत्येक रेघेशी बारीक अक्षरात साल.

"छान आहे की," फोन म्हणाला. "जुना नकाशा आहे का?"

"ओल आहे," सुमती म्हणाली. "वरच्या न्हाणीतून येते. सासूबाई दर पावसाळ्यात रेघ मारून ठेवायच्या, पोरांची उंची मोजतात तशी. ही सगळ्यात बाहेरची दोन हजार पाचची. नंतर मी मारते. दसऱ्यापर्यंत सुकते, पण पुन्हा येते. आणि ती भिंत पाडता येणार नाही. तिच्यावर बीम बसलाय. पाडलीत तर राणे चहाला जिन्याने येणार नाहीत, सरळ वरून येतील."

नूपुरने डागावर तळवा ठेवला. "म्हणजे ओपन किचन नाही?"

"दार उघडं ठेवायचं. आम्ही तेच करतो."

श्रेया खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्यापुरतं शिवडीचं घर गेलं होतं.

"टीव्हीवर ना," नूपुर हळूहळू म्हणाली, "हे अर्ध्या कार्यक्रमात निघतं. सगळं घेऊन झाल्यावर, भिंत फोडली की. मग नवराबायको एकमेकांकडे बघतात आणि जाहिराती लागतात."

"आमच्याकडे दोन भिंतींना आहे," लक्ष्मीबाई रेघांवरची सालं वाचत म्हणाल्या. "पण असा हिशेब कोणी नाही ठेवला. बाई, तुमच्या सासूबाई मोठ्या टापटिपीच्या!" त्या स्टुलावर बसल्या. "पाणी द्या हो जरा. आणि तो गूळ-चणा."

दोन चणे तोंडात टाकून त्यांनी सुमतीकडे नीट पाहिलं. "मला जागा पसंत आहे. नूपुरला भिंत पाडता येणार नाही, तेही पसंत आहे. पण वरचं पाणी बंद झालं पाहिजे. न्हाणी दुरुस्त करून घ्या आणि निरोप पाठवा. त्याच दिवशी नारळ घेऊन येऊ."

"मम्मी, अनिमेषला तर विचारा!"

"तो पंखा बघतोय. बघू दे."

"करते," सुमती म्हणाली. "गणपतीच्या आधी."

"शब्द?"

"शब्द."

त्या गेल्यावर श्रेयाने दार लावलं आणि दाराला पाठ टेकली. "आई, तुम्ही मालनकाकूंशी बोलणार? तुम्ही? मयूरला पाठवू या ना."

"मयूर भांडेल. शब्द मी दिलाय."

"आणि त्यांनी वड्या दिल्या तर?"

सुमतीने देव बाहेर काढले, जिवती भिंतीवर लावली, आणि राधाबाईंचा फोटो पदराने पुसून खिळ्याला अडकवला. लिंबांच्या भांड्याला तिने दिवसभर हात लावला नाही. ओटा पुसतानासुद्धा त्याच्या भोवतीने पुसला.

शनिवारी सकाळी पूजा झाल्यावर तिने एक एक करून अकरा लिंबं कापडी पिशवीत भरली. मालनताईंना लिंबाचं लोणचं फार आवडायचं, आणि दुसऱ्याच्या दारात रिकाम्या हाताने कशाला जायचं? मग डागापाशी जाऊन पेन्सिलीने यंदाची रेघ मारली आणि बाजूला साल लिहिलं. पेन्सिल डबीत परत ठेवता ठेवता तिने आज काय म्हणायचं ते मनात जुळवलं. या वेळी तिने चहाचीही सोय करून ठेवली होती: आधी बोलायचं, चहा मग घ्यायचा.

श्रेया अजून झोपली होती. दार आवाज न करता ओढून घेऊन, पिशवी छातीशी धरून, सुमती वरचा जिना चढू लागली.