पाहुण्यांचं टेबल

बेव्हर्लीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. केक कापून झाला होता, आणि नवरीचा बाप हर्बर्ट नव्या सुटात पाहुण्यांच्या उष्ट्या बशा उचलायला लागला. ज्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचायच्या, त्याच हातावर त्यानं बशांची चळत रचली.

“डॅडी, सिट डाऊन! पीपल आर वॉचिंग,” मुलगा व्हर्नन दबक्या आवाजात म्हणाला.

“अरे, सहा नंबरचं टेबल अजून क्लिअर नाय झालं.”

लोक हसले. उभी हयात दुबईच्या हॉटेलात बँक्वेट कॅप्टन, म्हणजे मेजवानीतल्या वाढप्यांचा म्होरक्या, म्हणून काढलेला माणूस, सवय जाते कुठं! त्याची बायको बेटीही हसली. नवऱ्याच्या डोळ्यांत मात्र तिनं पाहिलं नाही.

मग फेब्रुवारी आला. ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ आणि रमजान एकाच दिवशी लागले. दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमधली नबिला रोज संध्याकाळी इफ्तारचं ताट पाठवायची. ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून बेटी त्यात मैद्याचे गोल फुगे तळून घालायची. ताटात खजूर असायचे. अजानीआधी हर्बर्ट उठायचा, टेबलावर पांढरी चादर अंथरायचा, प्रत्येक खुर्चीपुढं खजुराची बशी आणि पाण्याचा ग्लास मांडायचा. हातावर नॅपकिन टाकून भिंतीशी ताठ उभा राहायचा. कुणी यायचं नाही. थोड्या वेळानं तो सगळं जसंच्या तसं उचलून ठेवायचा.

डायलिसिसच्या नर्सनं, राजननं, बेटीला बाजूला घेऊन बजावलं होतं, “आंटी, खजूर बिलकुल नहीं. पोटॅशियम चढेगा तो हार्ट बंद. पानी भी नापके.” त्यानंच हर्बर्टची स्मृती तपासायला त्याला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. हर्बर्टनं सुबक गोल काढला, डावीकडं काटा काढला, उजवीकडं सुरी.

“बघ, प्लेट लावली!” बेटी कौतुकानं म्हणाली.

राजन हसला नाही. “डायलिसिसवाले बुजुर्गों में ये होता है, आंटी. किडनी के साथ दिमाग भी थकता है. अकेला मत छोडना.”

घरी व्हर्नननं तोच धोशा लावला. “मम्मी, ते डेट्स घरात नको. ही विल ईट.”

“तू तुझ्या बापाला ओळखत नाय. हॉटेलात एवढे रमजान काढले, दिवसभर उपाशी धावले, पाहुण्याच्या बशीतला एक खजूर कधी तोंडात टाकला नाय. ड्युटीवर असताना ते खात नाय.”

“ड्युटी? मम्मी, खलास झाली ड्युटी!”

 दिवसभर नवरा बेटीला कधी बहीण समजायचा, कधी कोण समजायचा, देव जाणे. पण टेबल मांडताना त्याची पाठ सरळ व्हायची. तेवढा वेळ तिचा हर्बर्ट घरात असायचा. तो तिला घालवायचा नव्हता.

मार्चातला तो शुक्रवार. डायलिसिस बुधवारी झालेलं, पुढचं शनिवारी. चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची भक्ती होती. व्हर्ननचा अबू धाबीहून फोन आला, “यू गो, मम्मी. मी पोचतोच, इन्शाल्ला.”

हर्बर्ट चादरीची चुणी हातानं सपाट करत होता. “आज बुकिंग किती?”

“नेहमीचंच. अहो, तुम्ही यातलं काय खाऊ नका हां.”

“मी?” तो दुखावल्यासारखा झाला. “मी ड्युटीवर आहे.”

बेटीचं मन निवांत झालं. तिनं दार ओढून घेतलं.

परत आली तेव्हा अजान केव्हाच होऊन गेली होती. व्हर्नन अजून ट्रॅफिकमध्येच अडकलेला. आत दिवा लागला नव्हता. तिनं बटण दाबलं. भिंतीपाशी कुणी नव्हतं. टेबलाची मधली खुर्ची ओढलेली होती आणि हर्बर्ट तिच्यात बसला होता. नॅपकिन हातावर नव्हता, मांडीवर पसरलेला होता. बशीच्या काठाला खजुराच्या बिया नीट लावून ठेवल्या होत्या. शेजारच्या बशाही रिकाम्या. सगळे ग्लास रिकामे.

त्यानं तिला पाहिलं आणि पाहुणे करतात तसं बोट वर केलं.

“सिस्टर, सर्व्हिस फार चांगली. कॅप्टनला सांगा. अजून थोडं पाणी मिळेल?”

“आणते हां,” बेटी म्हणाली. तिनं ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला.

“पाय जड झालेत,” तो म्हणाला. “फार वेळ उभा होतो वाटतं.”

“मग बसा. आता उठायचं नाय.”

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्याच्या खुर्चीमागं ताठ उभी राहिली, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून.

हर्बर्ट मार्चच्या सात तारखेला, शनिवारी पहाटे, हॉस्पिटलात वारला. डायलिसिसचं मशीन लावायला तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती.