समुद्रापलीकडचा धूर

किनाऱ्यावर हवा मोजणाऱ्या पंपातून साहेबांनी गाळणकागद काढला. काळाकुट्ट!

“बाई, ही तुमच्या स्टोव्हची काजळी. उद्यापासून येऊ नका.”

पंप सांभाळणाऱ्या बाईंचं डोकं फिरलं. “तीन दिवस वारा समुद्राकडून येतोय आणि स्टोव्ह आहे पंपाच्या मागे, जमिनीकडे. काजळी काय वाऱ्याविरुद्ध पोहत आली?”

“मग हात मळके असतील.”

बाईंनी टेबलावर एक डबी आपटून उघडली. आत दुसरा कागद होता, त्याच हातांनी लावलेला, पण पंप सुरू न करताच काढलेला. पांढराशुभ्र!

साहेबांनी दोन्ही कागद खिडकीशी धरले. “म्हणजे हा धूर...”

“पलीकडच्या किनाऱ्याचा! हजारो मैलांवरून पाहुणा आलाय आणि तुम्ही घरच्यांनाच झोडपताय!”

साहेब फोनकडे धावले.

“ओ, उद्या यायचं की नाही?”

“उद्याचं काय घेऊन बसलात? आत्ता नवा कागद लावा!”

तो बाईंच्या हातात आधीच होता.