पूड जमेपर्यंत

“हिचे हात काळे, नखं काळी, ॲप्रन काळा. अन् कागदाला आपण हात लावायचा नाय म्हणे,” सुलाबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या त्या थेट चैतालीच्या कानाशी, कारण टेबल आणि छपाईचं प्रेस यांच्यामध्ये दोन बायकांना उभं राहायला तेवढीच जागा होती.

चैतालीने पातळ हातमोज्यांची जोडी त्यांच्यापुढे धरली.

“घाला मावशी, मग खुशाल लावा.”

“माझ्या लेकाचं काम, अन् मोजे घालून हात लावू?” असं म्हणत त्यांनी ते घातले. डाव्या मोज्यात दोन बोटं एकाच जागी गेली, ती तशीच राहू दिली.

गंगापूर रोडवरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चैतालीचा स्टुडिओ होता. परवा प्रदर्शन लागायचं होतं. लांब टेबलावर सात प्रिंट मांडलेले होते. दारापाशी सुलाबाईंची सून, बुद्धभूषणची बायको संजना खांद्यावरची पर्स न काढता उभी होती. ती हो म्हणाली तरच ते प्रिंट गॅलरीच्या भिंतीवर लागणार होते, आणि आल्यापासून ती फक्त “पाणी नको” एवढंच म्हणाली होती.

भूषण शाळेत विज्ञान शिकवायचा. चैताली धातूच्या पत्र्यांवरून ठसे काढायची. शाळेच्या एका शिबिरात दोघांची ओळख झाली, आणि मग हे खूळ सुरू झालं. भूषणने जुन्या स्पीकरवर जस्ताचा पातळ पत्रा बसवला. चैताली त्यावर राळेची बारीक पूड चाळायची. भूषण माईकपुढे उभा राहून एक सूर धरायचा. पत्रा थरथरायचा, पूड मुंग्यांसारखी सरकत जायची आणि रेषारेषांनी गोळा व्हायची. मग चैताली तो पत्रा अलगद शेगडीवर नेऊन तापवायची, पूड चिकटली की ॲसिडमध्ये सोडायची, आणि शेवटी शाई भरून कागदावर ठसा काढायची. संजना शाळा सुटल्यावर डबा घेऊन यायची आणि स्टुलावर बसून बघायची. सुलाबाईंना गावी, देवळ्याला, फोनवर सांगितलं गेलं होतं की भूषणच्या आवाजाचे फोटो निघतात.

गेल्या पावसाळ्यात भूषण गेला. फुप्फुसं बऱ्याच आधीपासून आक्रसत आली असणार, असं डॉक्टर म्हणाले होते. घरच्यांनी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ‘अचानक’ एवढंच सांगितलं. चैतालीनेही तेच सांगितलं. तो शब्द इतक्या तोंडांतून फिरला की साबणाच्या चिपेसारखा झिजून गेला होता.

वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला.

“हाललं गं,” सुलाबाई म्हणाल्या.

कोपऱ्यात स्पीकरवर आठवा पत्रा अजून तसाच होता. त्यावर राळ चाळून ठेवलेली, आणि भूषणने सूर न धरताच राहून गेलेली. पूड कडेला जराशी थरथरत होती, अंगावर काटा यावा तशी.

“वरच्यांचा मिक्सर आहे, मावशी. चटणी करत असतील.”

“मग तू ते पुसलं का नाय अजून?”

चैतालीने शाई लावायचा एक स्वच्छ रोलर उचलला आणि पुन्हा पुसला.

सुलाबाई टेबलाकडे वळल्या. एका प्रिंटवर वाकून त्यांनी कान कागदाच्या अगदी जवळ नेला.

“यात काय म्हणतोय तो?”

“नुसता ‘आ’.”

“पाळण्यात असाच धरायचा. बापाला झोपू द्यायचा नाय. मेला.” आणि मग हा शब्द आता कसा वापरायचा ते न कळून त्या पुढच्या प्रिंटकडे सरकल्या.

“गॅलरीवाले शेखर म्हणतात, सगळ्यात काळा दारासमोर लावू,” चैताली संजनाकडे न बघता म्हणाली. “लोकांना तोच जास्त आवडलाय. बाकीचे असे एक उजळ, एक गडद. नजरेला बरं वाटतं.”

संजनाने पर्स खाली ठेवली. न विचारता मोजे चढवले आणि एक उजळ प्रिंट उचलून टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवला.

“हा पहिला. त्या दिवशी भूषण गावाहून कांद्याच्या गाडीत बसून थेट इथे आला होता. सगळ्या खोलीला वास.”

दुसरा ठेवला, तिसरा ठेवला.

“हा माझ्या बहिणीच्या, तेजस्विनीच्या लग्नानंतरचा. रात्रभर भीमगीतं म्हटली, घसा बसलाय म्हणाला.”

मधला एक उचलून तिने तो उजेडाकडे धरला.

“या दिवशी जिन्यात मध्येच उभा होता. कानाला फोन लावून. मला वाटलं, बोलतोय कुणाशी तरी.”

पुढचे तीन तिने काही न सांगता ठेवले.

आता ओळ नीट लागली होती. डावीकडे फिकट करड्यावर पांढऱ्या रेषा, रांगोळीसारख्या रेखीव. मग रेषा तुटायला लागलेल्या. मग नुसते तुकडे. शेवटचा प्रिंट मखमलीसारखा काळा, एका कोपऱ्यात नखाएवढी पांढरी रेघ.

“लावायचे तर असेच लावा,” संजना म्हणाली.

“असे लावले तर भिंत एका बाजूला जड होईल, संजना.”

“होऊ दे.”

सुलाबाई ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

“हे काळं काळं कशानं होत गेलं?”

“पूड रेषेत गोळा झाली की तिथे पांढरं येतं,” चैतालीने सांगितलं. हे ती सगळ्यांना सांगायची, त्यामुळे सुरुवात सरळ झाली. “आणि विखुरलेलीच राहिली, तर ॲसिड तिच्या कणाकणांमधून खाली उतरतं. मग काळा असा दाट येतो.”

“मग गोळा का नाय झाली?”

“ती जमेपर्यंत सूर धरून ठेवावा लागतो, मावशी. पत्रा कधी कधी...” चैताली थांबली. पत्रे सगळे एकाच मापाचे होते; दोष त्यांच्यावर ढकलता येत नव्हता.

वरचा मिक्सर बंद झाला. सुलाबाई आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चैतालीने रोलर खाली ठेवला, पण हात कुठे ठेवावा ते तिला सुचेना.

संजनाने शेवटच्या प्रिंटचा कोपरा बाकीच्यांच्या रेषेत आणला. मग मोजे काढले.

“त्याला दम पुरत नव्हता, आई,” ती म्हणाली. “आम्हा दोघींना दिसत होतं. काळा सुंदर येतोय म्हणून आम्ही त्याला परत परत माईकपुढे उभं केलं.”