पत्रिकेतली वरची जागा

जाई साडेअकराला झोपली. तिच्या पायांवर दुपटं सारलं, पंखा तीनवरून दोनवर आणला आणि मी लॅपटॉप उघडला. गुरुवार होता, आणि दुपारी दोनच्या आत पाच लग्नपत्रिका अपलोड व्हायला हव्या होत्या.

या पत्रिका कागदाच्या नव्हेत, व्हिडिओच्या. एका ऑनलाइन एडिटरवर त्या ठेवलेल्या असतात. कुणीही मोबाइलवर एखादी उघडायची, आपली नावं, तारीख, फोटो भरायचे, की मिनिटभरात हलती पत्रिका तयार. मी करते तो तिचा साचा, म्हणजे टेम्प्लेट. लोकांनी जे बदलायचं ते मोकळं ठेवायचं, बाकी सगळ्याला कुलूप लावायचं. नाहीतर कुणाचं तरी बोट लागतं आणि मांडणी विस्कटते.

माझा पहिला संच तिथल्या तपासणाऱ्यांकडून परत आला होता. 'लांब नावं चौकटीबाहेर जातात,' एवढंच लिहिलं होतं. खरंच होतं ते. मी चाचणी करताना 'अतुल' घातलं होतं. आमच्याकडच्या पत्रिकेत नुसता अतुल कधी असतो का? आजोबांचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव आणि तालुका, सगळं एका ओळीत लागतं. आता चौकटी मी दुरुस्त केल्या होत्या. ही दुसरी आणि शेवटची संधी होती. पाचांतल्या निदान चार पास झाल्या, तर माझं खातं सुरू होणार होतं, म्हणजे घरी बसून कमाई.

नाही झालं, तर एक तारखेपासून अभय सरांच्या स्टुडिओत पुन्हा रुजू व्हायचं. सकाळी दहा ते रात्री आठ. आणि जाईनं फुलंब्रीला, आजीकडे. एका पगारात आमचं भागत नव्हतं, तेव्हा हे मी, माझ्या नवऱ्यानं, म्हणजे सुदर्शननं, आणि सासूबाईंनी बसून ठरवलं होतं. त्यासाठी सासूबाई मंगळवारीच आल्या होत्या. शनिवारी सकाळी परत जाणार होत्या. त्यांची पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली होती आणि तिच्यात सगळ्यात वर जाईची पाच झबली होती. दहा महिन्यांच्या लेकीची झबली दुसऱ्याच्या पिशवीत बघत काम करायचं म्हणजे काय, ते काही लिहिता येत नाही.

"झालं का तुझं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हळूच विचारलं. नातीची झोप मोडू नये म्हणून त्या परवापासून कुजबुजतच बोलत होत्या.

"एक काम राहिलंय, आई. रूपाताईंनी भरून दिलं की झालं."

अपलोडच्या नियमांत एक अट होती. या कामात नसलेल्या माणसाकडून पत्रिका एकदा मोबाइलवर पूर्ण भरून घ्यायची, आणि भरताना त्याला काही सांगायचं नाही. मी खालच्या मजल्यावरच्या रूपाताईंना गाठलं. त्यांचा भाऊ विश्वजीत, त्याचं लग्न वैशाखात ठरलेलं. खरी नावं, खरी तारीख. यापेक्षा चांगली चाचणी कुठली?

सकाळी नऊला लिंक पाठवली होती. बारा वाजत आले तरी उत्तर नव्हतं. मग एकच ओळ आली, 'छान झालंय गं.' भरलेली पत्रिका मात्र नव्हती.

मी चप्पल न घालताच खाली पळाले.

रूपाताई ओट्याशी भाजी चिरत होत्या. "अगं, मस्त झालंय. दे पाठवून."

"पण तुम्ही पूर्ण केलंच नाही, ताई. कुठं अडलं?"

"अडलं कुठं? आमच्या पत्रिका आपल्या नेहमीच्या छापखान्यात होतात बघ. त्याला सगळं म्हाईत असतं."

"ताई, माझं आज शेवटचं आहे. खरं सांगा ना."

त्यांनी हात पुसले आणि मोबाइल माझ्याकडे दिला. सगळं भरलं होतं. चि. विश्वजीत, चि. सुलेखा, आईवडील, गाव, तारीख, सभागृह. एकही नाव चौकटीबाहेर गेलं नव्हतं. आणि या सगळ्याच्या वर माझा गणपती. सोंडेपासून सुरू होऊन एका रेषेत स्वतःला काढत जाणारा, माझा सगळ्यात लाडका. खाली 'श्री गणेशाय नमः'.

"लई वेळा बोट लावलं मी," रूपाताई म्हणाल्या. "म्हटलं, कुठंतरी बदलायचं असंल. नाय सापडलं. म्हटलं, मलाच जमंना."

त्यांच्या पाठीमागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, फळीवर बुद्धमूर्ती. दोन वर्षं मी या खोलीत, याच भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते. जाईच्या वेळी माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा याच बाईनं मला रिक्षात घातलं होतं. आणि पत्रिका करताना माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. काय मोकळं ठेवायचं यावर मी चार दिवस विचार केला होता. गणपतीला कुलूप लावायला चार सेकंदही लागले नव्हते.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तपासणारे नाय बघत एवढं. पोरगी जाईल फुलंब्रीला. तू दे पाठवून."

बरोबर बोलत होत्या त्या. तपासणाऱ्यांनी बहुतेक बघितलंही नसतं. जिना चढताना मी स्वतःला तेच सांगत होते. वर आले, अपलोडच्या बटणावर बाण नेला, आणि मला दिसलं ते त्यांचं बोट. काचेवर त्याच जागी पुन्हा पुन्हा टेकणारं, आणि 'मलाच जमंना' म्हणणारं.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

नुसतं कुलूप काढून भागणार नव्हतं. सगळी पत्रिका त्या रेषेवर टांगलेली होती. गणपती पूर्ण झाला की घंटा हलायची, घंटा हलली की नावं उतरायची. तिथं दुसरं चित्र बसवलं की रेषा हवेत फिरायची आणि नावं उगाचच टपकायची. पाचही पत्रिकांत हेच.

"काय करू राह्यलीस आता?" सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "झालं होतं ना?"

"आई, वरचा गणपती बदलता आला पाहिजे."

"गणपती बदलायचा? अन् शुभकामात?"

"ज्यांना हवा त्यांना राहील. रूपाताईंना बुद्ध लावायचे असतील, तर त्यांना लावता आले पाहिजेत."

"मग आधी देवाला कुलूप लावलंसच कशाला? देव काय पळून जातो व्हय?"

मला हसूही आलं आणि रडूही. "चुकलं, आई."

"तोंड चालवू नको. हात चालव."

मी वर एक गोल काढला. रेषा आता गणपतीची नाही, त्या गोलाची. ती सावकाश फिरून पूर्ण होते आणि तिच्या आत भरणाऱ्यानं दिलेलं चित्र उजळतं. गणपती, बुद्ध, कुणाची कुलस्वामिनी, कुणाचे गेलेले आजोबा. काहीच न दिलं तर गणपती आपोआप. खालची ओळ मोकळी केली. 'शुभविवाह' हा शब्दही मोकळा केला, कारण रूपाताईंकडच्या पत्रिकेवर 'मंगल परिणय' असतं हे मला आता आठवत होतं, आता! त्यांच्या लग्नात फुलंच टाकतात, म्हणून वरून पडणाऱ्या अक्षता काढून मोगऱ्याची फुलं घातली.

पहिली पत्रिका झाली तेव्हा पाऊण वाजला होता. दुसरी, तिसरी भराभर झाल्या. चौथीत घंटा नावांच्या आधी हलेना. जाईनं कूस बदलली, तोंड वाकडं केलं. मी थोपटायच्या आधीच सासूबाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि बाहेरच्या खोलीत येरझारा सुरू केल्या.

एक वाजून वीस मिनिटांनी चौथी जमली. पाचवीत गणपती आपोआप बसेना. वेळ नव्हता. तिथला गोल मी रिकामाच ठेवला आणि पाचही फाइली अपलोडला लावल्या. स्क्रीनवर आकडा आला, पंचवीस मिनिटं.

आणि गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलंऽऽ!"

आठव्या दिवशी पाणी येतं आणि पाऊण तासात जातं. घराला हौद नाही. नळालाच मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची, नाहीतर पुढचे आठ दिवस टँकरवाल्याचा फोन लावत बसायचं. सासूबाई जाईला कडेवर घेऊन जिना उतरल्या आणि मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. लाइट मिणमिणला. वायफायच्या डब्यावरचा हिरवा दिवा गेला.

आकडा थांबला. मग खाली लाल अक्षरं, 'पुन्हा प्रयत्न करा.'

"आई! मोटर बंद करा!" मी खिडकीतून ओरडले, आणि ओरडल्यावर मला कळलं मी काय मागत होते. आणि कुणाकडे. अपलोड नाही झालं तर नात त्यांचीच होती. मागचे सहा महिने त्या सुदर्शनला फोनवर सांगत होत्या, पोरीला आण, इथं दूध आहे, अंगण आहे. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसती मोटर चालू राहू द्यायची होती.

मोटर बंद झाली.

खालून त्यांचा आवाज आला. आता कुजबुज वगैरे काही नव्हती. "रूपाऽ! ए रूपा! तुझी नळी दे इकडं. हिचं कायतरी चाललंय वर, मोटर नाय लावायची म्हणती!"

मी दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसले. झाला. आकडा पुन्हा बावीसपासून सुरू झाला. जिन्यात बादल्या वाजत होत्या. रूपाताई एक घेऊन यायच्या, दारात ठेवायच्या, रिकामी घेऊन जायच्या. सासूबाई जाईला खालच्या पायरीवर मांडीत घेऊन नळी धरून बसल्या होत्या आणि जाई पाण्यात हात मारून खिदळत होती. मला उठता येत नव्हतं. खरं तर येत होतं. आकड्याकडे बघून काही तो पळत नव्हता. पण मला भीती वाटत होती की मी नजर काढली की दिवा जाईल.

एक चोपन्नला पाचवी फाइल गेली.

मी पायऱ्या उतरले तेव्हा नळाची धार करंगळीएवढी झाली होती. वरच्या टाकीत एक थेंब गेला नव्हता. घरात सात बादल्या, एक घंगाळ आणि दोन पातेली.

"गेलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"गेलं."

"मंग घे तुझी लेक. सगळी भिजवली तिनं मला."

उत्तर शुक्रवारी आलं नाही. शनिवारी सकाळी सुदर्शन पहिली पाळी सोडून आईंना बसस्टँडवर पोचवायला थांबला होता. रिक्षा दारात उभी. सासूबाईंनी नऊवारीचा पदर खोचला, पिशवी उचलली. मी जाईला दूध पाजत होते, जरा जास्तच वेळ. कुणी मला घाई केली नाही.

मोबाइल वाजला. मी उघडला नाही. सुदर्शननं उघडला.

"चार पास," तो म्हणाला. "पाचवी परत. 'चित्र न टाकल्यास वरची जागा रिकामी दिसते. सात दिवसांत दुरुस्त करून पाठवा.' " मग त्यानं बोटानं खाली सरकवलं. "मोना, खातं सुरू केलंय त्यांनी."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या रिक्षावाल्याला काहीतरी सांगत होत्या. मग मागं वळल्या, पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि वाकून एकेक झबलं बाहेर काढायला लागल्या. काढताना प्रत्येकाची घडी हातानं पुन्हा सारखी करत होत्या, आणि शेवटचं पिवळं झबलं त्यांनी थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

"ही इथंच लागतील," त्या म्हणाल्या. "टाकीत पाणी नाय, धुणार कशात तू?"

"आई..."

"अन् ते पाचवं नीट कर. गणपतीला बाहेर उभा केलाय तू." त्यांनी जाईच्या तळपायाला बोट लावून ते स्वतःच्या ओठांना लावलं. "पुढच्या गुरुवारी येते मी. पाण्याच्या दिवशी."