माझी नऊ पुस्तकं आणि एक घड्याळ

वडिलांचं गजराचं घड्याळ माझ्या उशाशी असतं. त्याच्या काट्यांना रेडियमचा रंग आहे. लहानपणी तो अंधारात हिरवा चमकायचा, आता ढिम्म. खरवडून नवा रंग द्यावा म्हणून मी काच उघडायला बसलो आणि लेक आली. ती इस्पितळात किरणोत्सर्ग मोजण्याचं काम करते. ती लहान असताना मी तिच्या हातून कात्री काढून घ्यायचो, तसा तिने माझा स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"बाबा, चमक विझलीय, रेडियम नाही. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात."

"माझंही तेच. चमक गेली, खोड उरली."

"विनोद पुरे. अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, इथे काचेने अडलेत. पण खरवडलेली भुकटी श्वासातून आत गेली, की मध्ये ना काच, ना कागद. आणि हे उशाशी नको."

"वडिलांची आठवण आहे!"

"कसली आठवण?" आतून ही म्हणाली. "गजर झाला की लोळूनच त्याच्या थोबाडीत मारता येते, म्हणून हवंय जवळ."

माझं इतकं नेमकं परीक्षण आजवर कोणी लिहिलेलं नाही.

मी तोडगा काढला : मध्ये माझी पुस्तकं रचू. प्रकाशकाने परत पाठवलेल्या प्रती घरात मुबलक. लेकीने मोजणीयंत्र उशीवर, घड्याळापासून वीतभर ठेवलं. किरण मोजत यंत्राचा टकटकाट सुरू झाला. मी पहिलं जाडजूड पुस्तक मध्ये उभं केलं. आवाज उतरला.

"बीटा कण अडकले."

माझी छाती फुगली. माझ्या पुस्तकात प्रथमच कोणीतरी अडकलं होतं. मी नऊच्या नऊ रचली. टकटक मंदावली, पण थांबेना.

"हे गॅमा किरण. काही अडतात, बाकीचे काहीही न घेता आरपार जातात."

"वाचकांसारखे."

"हो," ती जरा जास्तच चटकन म्हणाली.

मग तिने पुस्तकं बाजूला सारली आणि घड्याळ चार वीत लांब नेलं. "अंतर चौपट, मारा सोळावा हिस्सा." समोरच्या फळीवर ठेवल्यावर तर यंत्र एरवी रिकाम्या खोलीतही टकटकतं, तितकंच टकटकू लागलं. माझ्या नऊ पुस्तकांना जमलं नाही, ते आठ पावलांनी केलं.

सकाळी गजर झाला. हात सवयीने उशाशी गेला आणि थोबाडीत बसली ती माझ्याच पुस्तकाच्या. शेवटी उठलो, आठ पावलं चाललो, गजर बंद केला.

"मामंजीही ते तिथेच ठेवायचे," पांघरुणातून ही म्हणाली.

"त्यांना कुठे गॅमा किरण माहीत होते?"

"तुम्ही माहीत होतात ना."